फक्त नोंद ठेवा

माझी ताई हॉस्पिटलच्या कंप्युटर विभागात कंत्राटावर होती आणि मी तिथेच रक्ततपासणीत. हॉस्पिटलात तिला मागून ‘कटकट’ म्हणायचे. तिच्या साहेबांना आम्ही ‘खरेदीसाहेब’ म्हणायचो, कारण या माणसाला वस्तू विकत घ्यायची भारी हौस आणि वापरायचा तितकाच कंटाळा. कंप्युटरमध्ये घुसणाऱ्या चोरांना अडवणारी सॉफ्टवेअरं त्यांनी एकामागून एक आणली. दर वेळी चहा-बिस्किटं, फोटो, टाळ्या. आणि दर वेळी ते सॉफ्टवेअर एकाच हुकमावर चालू व्हायचं : ‘फक्त नोंद ठेवा’.

नवीन सॉफ्टवेअर बसवताना सुरुवातीला असंच करतात म्हणे. काही संशयास्पद दिसलं तर लिहून ठेवायचं, अडवायचं नाही, म्हणजे चुकून कुणाचं खरं काम बंद पडत नाही. थोडे दिवस बघायचं, जुळवून घ्यायचं आणि मग ‘अडवा’वर टाकायचं. आमच्याकडे ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत. ‘अडवा’साठी साहेबांची सही लागायची, आणि सही केल्यावर एखाद्या डॉक्टरचं काम अडलं तर बोलणी साहेबांना बसणार. म्हणजे दाराशी पहारेकरी उभा, आणि त्याला हुकूम काय, तर चोर आला की वेळ लिहून घे!

ताई विभागाविभागात फिरली. कुणाचं जुनं मशीन कशावर चालतं, काय अडवून चालणार नाही, हे विचारून तिने तेवढ्यांना आधीच सूट देऊन ठेवली.

“साहेब, नवीन काही नको. आहे तेच चालू करू द्या,” ती म्हणायची.

“बघू, घाई कसली?” साहेबांचं ठरलेलं उत्तर.

मग एका सकाळी आमच्या विभागातले कंप्युटर उघडेनात. आदल्या दिवशीचे सगळे रिपोर्ट गेले. ज्यांचं रक्त घेतलं होतं त्यांना परत बोलवायची वेळ आली. त्यात कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या एक बाई होत्या. त्यांच्या हाताला शीर सापडत नाही.

“काल घेतलंस ना गं? त्याचं काय झालं?” त्यांनी विचारलं.

काय सांगणार होते मी? की चोर आत शिरताना आमच्या सॉफ्टवेअरने बघितला, व्यवस्थित नोंद केली आणि गप्प बसलं? दोन्ही हात चाचपून शेवटी मी मनगटाजवळ सुई घातली. बाईंनी ओठ आवळले, पण मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी मुख्य डॉक्टर मॅडमनी बैठक घेतली. आमच्या विभागातर्फे मी गेले होते. खरेदीसाहेब उभे राहून म्हणाले, “हे सॉफ्टवेअर कुचकामी निघालं. दुसरं घ्यावं लागेल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ताई आधी उठली. “मॅडम, त्याला काम करूच दिलेलं नाही. अडवायची परवानगी द्या, आजच चालू करते.”

“आणि कुणाचं काम अडलं तर?” साहेब म्हणाले.

“तक्रार माझ्या नावावर घ्या.”

मॅडमनी तिथल्या तिथे आदेश लिहून दिला.

त्यानंतर ताईला धड जेवण मिळालं नाही. घास तोंडात असताना फोन यायचा.

“माझा पेनड्राइव्ह का चालत नाही?”

“डॉक्टर, त्यात तुमच्या चिरंजीवांनी सिनेमे भरलेत, आणि सिनेमांबरोबर व्हायरस. कोरा आणा.”

ती एकेकाचं ऐकून घ्यायची, चुकून अडलेलं काम सोडवून द्यायची. हळूहळू फोन कमी झाले. मध्ये एकदा पुन्हा कुणीतरी आमच्याच विभागातून आत शिरायला बघत होतं, ते दारातच अडलं. त्या दिवशी एकही फोन आला नाही. कुणाला कळलंच नाही, तर फोन कशाला करतील? ताईने घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “बरं झालं. आता जेव.”

पुढे मॅडमची बदली झाली आणि ताईचं कंत्राट संपत आलं. साहेबांनी शेरा मारला : ‘यांच्या नावावर तक्रारी फार.’ झालं, कंत्राट वाढवलं नाही. अडवलेल्या चोराबद्दल शेऱ्यात एक अक्षर नव्हतं. कसं असेल? काही घडलंच नव्हतं ना!

शेवटच्या दिवशी साहेब तिच्या टेबलाशी आले. “जाताना ते परत नोंदीवर टाकून जा. आता फोन मला येतील.”

“मॅडमचा आदेश आहे, साहेब. बदलायचा तर लेखी द्या, सहीनिशी.”

साहेब दाराकडे वळले. मग म्हणाले, “राहू दे.”

तर ते अजून चालू आहे. आमचे रिपोर्ट जागच्या जागी असतात. ताई घरी बसून अर्ज करते, आणि मुलाखतीला गेली की तिला विचारतात, “तिथून का काढलं?” मला सगळे सांगतात, शांत हो. मी का म्हणून शांत होऊ?