फलकावर चढलेलं पाणी

मुलांनो, मागच्या आठवड्यात तुम्ही मला फोनवर एक चित्र पाठवलंत. समुद्रात तुटून पडलेला बर्फाचा तुकडा किती मोठा आहे हे दाखवायला त्यावर फुटबॉलची मैदानं मांडली होती, आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून शेजारी निळे देवमासे. खाली तुमचा प्रश्न होता, "आजी, आता कळलं का किती मोठा?" मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, आजीला फोन जमत नाही. फोन जमतो. मी देवमासा पाहिलेला नाही, हेही कारण नव्हतं. अशा चित्रांपुढे मी हल्ली लगेच बोलत नाही. का, ते लिहून ठेवते. तुमच्या आईबाबांनाही हे मी कधी नीट सांगितलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी आपल्या ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर पाण्याचा फलक रंगवला. नमुना वरच्या कार्यालयातून कागदावर आला होता. कारंजा गावच्या एका रंगाऱ्यानं तो भिंतीएवढा मोठा केला. डावीकडे दोन मोठे निळे थेंब होते, एक 'उपलब्ध पाणी' आणि एक 'लागणारं पाणी'. मधे पोहण्याचे तलाव होते. गावच्या शिवारात पाऊस किती पडतो हे समजावं म्हणून शहरातल्या जलतरण तलावांची रांग काढली होती, आणि पहिल्या तलावात चष्मा लावलेला एक माणूस हात मारत होता. उजवीकडे बारा महिन्यांच्या बारा पट्ट्यांची जागा रिकामी ठेवली होती. दर महिन्याला एक कर्मचारी येऊन देवळाजवळच्या विहिरीचं माप घेई आणि पंचायतीचा शिपाई त्या मापाची पट्टी निळ्या रंगानं भरी.

फलक वाळला त्या दिवशी सकाळी अर्धं गाव तिथे उभं होतं. मी शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण इंग्रजी आणि भूगोल शिकवणारी बाई म्हणून मला पुढे बोलावलं गेलं.

"बाई, हा उघडा मानूस कोन हाय?" एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं.

"सरपंचाचा सोयरा असंन," मागून कोणीतरी म्हणालं.

"अन् हे इतके पोहाचे तलाव? म्या तं बाप्पा जलमात एकबी नाई पाह्यला. कोनाच्या वावरात खोदले?"

सगळे हसले. मीही हसले. मग मी त्यांना थेंब दाखवले. उपलब्ध पाण्याचा थेंब दुसऱ्याच्या दुप्पट उंच काढला होता, त्यामुळे तो रुंदीलाही दुप्पट झाला होता आणि डोळ्यांना चौपट दिसत होता. पण आत लिहिलेले आकडे पाहिले तर दोन्हींत फरक थोडासाच होता. मी म्हटलं, "थेंबाकडे पाहू नका, आकडा वाचा. चित्र फसवतं." म्हाताऱ्यानं मान हलवली. "हे बाईनंच पकडलं, आपुन तं खुश होऊन घरी गेलो असतो." ते ऐकून मला बरं वाटलं. किती बरं वाटलं हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं त्यातूनच घडलं.

त्या साली नाल्याचं खोलीकरण झालं होतं आणि बंधाराही घातला होता. पावसाळा संपताना पाऊस चांगला होऊन गेला. यंदा विहिरींना पाणी चढणार, असं सगळेच म्हणत होते. ऑक्टोबरची पट्टी भरली, ती आखूड होती. नोव्हेंबरची थोडी उंच, डिसेंबरची त्याहून उंच. जानेवारीची तर बाकाच्या बरीच वर चढली. फलकाखाली एक लाकडी बाक होता आणि त्यावर सकाळपासून कोणी ना कोणी बसलेलं असे. येताजाता मला विचारत, "काय म्हनते बाई फलक?" मी सांगे, "चढतंय."

आपल्या परसामागे जिचं शेत आहे ती शेजारीण तुम्हाला आठवत असेल. तुम्ही लहानपणी आला होतात तेव्हा तिनं तुम्हाला हुरडा भाजून दिला होता. ती माझीच विद्यार्थिनी. सातवीनंतर तिची शाळा सुटली, पण मला ती बाईच म्हणते. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं त्याआधी दोन वर्षं संत्र्याची दीडशे कलमं लावली होती. पहिल्या उन्हाळ्यात ठिबकाच्या नळ्या आल्या नव्हत्या, तेव्हा तिनं विहिरीवरून डोक्यावर हंडे वाहून एकेक झाड जगवलं. मी परसातून पाहत असे. दुपारच्या उन्हात ती प्रत्येक आळ्याशी वाकायची आणि पाणी मुरेपर्यंत थांबायची.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एके सकाळी ती माझ्याकडे आली.

"बाई, एक इचाराचं होतं."

"बोल ना."

"संत्र्याच्या बाजूचा तुकडा मोकळा हाय. त्यात उन्हाळी भुईमूग पेरू म्हनते. हे म्हनतात, झाडं सांभाळ, लालच नको करू. पानी दोघाले पुरन का?"

"तुझी विहीर काय म्हणते?"

"मोटर पयले चार घंटे चालत होती. आता तीन घंट्यातच हवा धरून राह्यली."

"आणि फलक पाहिलास?"

"पाह्यला ना! थो तं वर चढून राह्यला. म्हून तं तुमाले इचाराले आली. खरं कोनाचं, माह्या इहिरीचं का फलकाचं?"

प्रश्न अगदी नेमका होता. वर्गात एखाद्या मुलीनं असा प्रश्न विचारला असता तर मी तिला शाबासकी दिली असती आणि म्हटलं असतं, चला, जाऊन बघू. पण मी जागेवरून उठले नाही. मी तिला समजावून सांगितलं, तेही मुद्देसूद, की एका विहिरीवरून साऱ्या गावचं पाणी ठरत नसतं, फलकावरचं माप जाणकार माणूस घेतो, आणि गावचं पाणी चढत असताना तुझंच उतरत असेल तर तुझ्या विहिरीचा झरा गाळानं बुजला असेल. "गाळ काढून घे," मी म्हटलं. "पाणी येईल."

"ते बरोबर हाय," ती म्हणाली. "बाईनं सांगतलं म्हनल्यावर झालं."

आठ दिवसांत तिनं भुईमूग पेरला. मग दोघं नवराबायको आणि तिचे दोन दीर विहिरीत उतरले. पाच दिवस गाळ वर येत होता, काळा, चिकट. परसातून मला दोरीची करकर ऐकू येई. झरा मोकळा झाला, पण पाणी चढलं नाही. मी विचारलं तेव्हा तीच म्हणाली, "नवा झरा हाय बाई, वाट करून राह्यला असंन." माझ्या सांगण्यातली उणीव ती आपल्या अंगानं भरून काढत होती. हे मला तेव्हा कळलं नाही.

मार्चच्या शेवटी मी पोस्टातून परत येत होते. देवळाजवळच्या विहिरीवर तो कर्मचारी फीत वर ओढत होता. मी सहज थांबले. फितीचं टोक ओलं होतं. तो शिपायाला म्हणाला, "नऊ लिहा."

"मागच्या महिन्यात किती होतं?" मी विचारलं.

"आठाच्या थोडं वर."

"म्हणजे आणखी वाढलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, नऊ म्हणजे वरून नऊ मीटर खाली. पाणी उतरलंय. दर महिन्याला उतरतंच आहे."

"मग पट्टी वर का चढते?"

"आकडा वाढला की पट्टी वाढते. नमुना वरून तसाच येतो. खाली लिहिलेलं आहे ना, जमिनीपासून खोली म्हणून."

मी तशीच फलकापाशी गेले. बाकावर दोघं बसले होते, त्यांना उठायला सांगितलं. त्यांच्या पाठीमागे, पट्ट्यांच्या तळाशी, बोटभर उंचीच्या अक्षरांत ती ओळ होती. शुद्धलेखनाची चूकही नव्हती. बाकामुळे ती दिसत नव्हती, असं मी लोकांना सांगू शकले असते. पण बाकावरच्यांना उठवणं मला पहिल्या दिवशीही जमलं असतं. मी ती ओळ शोधलीच नव्हती. निळी पट्टी उंच, म्हणजे पाणी जास्त, असं मी धरून चालले होते. ज्या भिंतीपुढे मी गावाला चित्र फसवतं म्हणून सांगितलं, त्याच भिंतीवर, चार हात पलीकडे.

घरी न जाता मी तिच्या शेताकडे वळले. भुईमूग फुलावर होता, शेंगा धरणाऱ्या आऱ्या जमिनीत शिरू लागल्या होत्या. नेमकं याच वेळी त्याला पाणी लागतं. ती निंदण करत होती आणि नवरा मोटरीपाशी बसला होता. मी बांधावरून सगळं सांगून टाकलं. फलक उलटा आहे, पाणी चढत नाही, उतरतंय, आणि मी चुकीचं वाचलं.

ती उठून उभी राहिली. हातातला विळा तिनं खाली ठेवला नाही.

"म्या सांगत होतो," नवरा म्हणाला. तिला म्हणाला, मला नाही.

"तुमी गप राहा," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मंग आता काय करू, बाई?"

एवढं झाल्यावरही तिनं मलाच विचारलं. मी म्हटलं, "मला माहीत नाही गं. तुझ्या विहिरीला किती दिवस पाणी आहे ते तुलाच कळतं. तू ठरव."

तिनं भुईमुगाकडे पाहिलं, मग पलीकडच्या झाडांकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भुईमुगाचं पाणी तोडलं. पुढच्या आठवड्यात त्या हिरव्या तुकड्यात जनावरं सोडली. मी परसाचं दार लावून घेतलं, पण घंटा ऐकू येतच होत्या.

झाडांसाठी मोटर एक तास चालायची, मग पाऊण, मग वीस मिनिटं. एप्रिलच्या मध्यावर विहिरीत नुसता ओला गाळ राहिला, तिनंच उपसून मोकळा केलेला. तुमच्या आजोबांनी घरच्या बोअरवरून परसाच्या भिंतीपलीकडे पाइप टाकला. आपलं बोअर घरापुरतंच. रोज अर्धा तास स्वच्छ पाणी येई, मग गढूळ. आम्ही आमची अंघोळ बादलीवरून तांब्यावर आणली. तेवढ्या पाण्यात भिंतीलगतच्या दोन ओळी जगल्या. बाकीच्या झाडांची पानं आधी द्रोणासारखी वळली, नंतर फांदीवरच वाळली.

एक मेच्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि जे तिला सांगितलं तेच सगळ्यांसमोर सांगितलं. कोणी हसलं नाही. तोच म्हातारा शेतकरी म्हणाला, "तुमीच चुकल्या तं आमी कोनाले इचाराचं, बाई?" मी एवढंच मागितलं की बाक तिथून हलवावा, आणि पट्ट्या वरून खाली काढाव्यात. वर जमिनीची रेघ, आणि पाणी जितकं खोल तितकी पट्टी खाली. बाक त्याच दिवशी हलला. फलक पुढच्या वर्षी बदलला. अजून काही लोक म्हणतात, हा उलटा काढला, पयलाच सिधा होता. पोहणारा माणूस तसाच आहे.

ती आजही घरी येते. भाजी आणून देते, तुमची चौकशी करते, नातीचं इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्यापाशी बसते. पाण्याचं मात्र विचारत नाही. मीही कधी तो विषय काढत नाही.

त्या वर्षी पेरणीच्या आधी त्यांनी वाळलेली झाडं काढायला घेतली. मी वही आणि पेन घेऊन गेले. किती गेली, किती राहिली, ओळीप्रमाणे लिहावं, नव्या कलमांसाठी अर्ज करताना उपयोगी पडेल, असं माझ्या मनात होतं. मी पहिल्या ओळीपाशी उभी राहून आकडा घातला. ती माझ्याजवळ आली.

"मोजू नका, बाई," ती म्हणाली. "मले मालूम हायेत. एक एक मीच लावलं."

मी वही मिटून बांधावर ठेवली. तिच्या नवऱ्यानं पुढच्या झाडाच्या बुडाशी कुदळ घातली. ती एका बाजूनं खोड धरून उभी होती. मी दुसऱ्या बाजूनं धरलं.