पट्टीवाली भिवराबाई

आंबेजोगाईला तेव्हा, निजामाच्या राज्यात, सरकारी कागदांत मोमिनाबाद म्हणत. भिवराबाई तिथं आली ती कडा या माहेरगावाहून, पांढऱ्या कपाळानं. प्लेगात नवरा गेला, सासरच्यांनी दार लावलं. भाऊ राधाकिशन सरकारी दवाखान्यात चौकीदार होता. त्यानं तिला झाडलोटीला लावलं.

दवाखान्याचे डॉक्टर करीमुद्दीन हैदराबादेत शिकलेले. हाताला गुण होता, स्वभावही मायाळू. पण बाया त्यांच्यापुढं तोंड उघडत नसत. काय होतंय विचारलं की पदर ओढून भुईकडं बघत बसायच्या, आणि बाहेर आल्यावर झाडणाऱ्या भिवराबाईच्या कानाला लागायच्या. मग तीच आत जाऊन सांगायची, "सायब, तिचं डोकं न्हाई दुखत. अंगावरनं लई जातंय. लाजली बिचारी."

असं वरचेवर व्हायला लागलं तेव्हा एक दिवस डॉक्टर म्हणाले, "बाई, झाडू ठेवा. झाडायला कुणी पण मिळंल. तुमी माझ्यासंगं या."

तिथून तिचं शिकणं सुरू झालं. चाकू-चिमटे उकळायचे, काखेत पाऱ्याची नळी लावून ताप बघायचा, जखम धुऊन पट्टी बांधायची. पहिल्यांदा गळू फुटताना बघितलं आणि ती बाहेर जाऊन ओकली. चूळ भरून परत आली, पट्टी बांधली. डॉक्टर हसले नाहीत. पुढं लहानसहान गळवं ते तिलाच फोडायला लावत आणि शेजारी उभे राहत. गाव तिला पट्टीवाली म्हणू लागलं.

एकदा जवळच्या गावच्या देशमुखांचा छकडा दवाखान्यापुढं येऊन थांबला. अर्जुनराव देशमुखांची बायको तुळजाबाई बाळंत झाली होती आणि छातीला गाठ येऊन तापानं फणफणली होती. डॉक्टरांनी भिवराबाईलाही छकड्यात बसवलं.

वाड्यात बाळंतिणीच्या खोलीला जाड पडदा सोडलेला. पडद्यापुढं देशमुखांची आई केसरबाई उभी. "डॉक्टरानं हितूनच औषध द्यावं," ती म्हणाली. मग तिची नजर भिवराबाईच्या कपाळावर गेली. "आन् ही रांडाव बाई तर आत न्हाईच जायची. ओली बाळंतीण हाय."

भिवराबाईनं असलं बोलणं पुष्कळ ऐकलं होतं. ती ओसरीच्या कडेला सरकली. डॉक्टर अर्जुनरावांना समजावू लागले, पण आईपुढं अर्जुनरावांची जीभ उचलत नव्हती.

तेवढ्यात आतून आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. "आत्याबाई, मी मेल्यावर माझ्या लेकराला कोण पाजंल? येऊ द्या तिला."

केसरबाई दारातून बाजूला झाली.

भिवराबाई आत गेली. डॉक्टर पडद्याला पाठ लावून बाहेर बसले.

"बाई, बोटानं दाबून बघा. कडक हाय का मऊ?"

"भवतीनं कडक हाय सायब. मधी मऊ लागतंय, पाण्याच्या पिशवीवानी."

"म्हंजे पिकलंय. आता चाकू बोंडाकडून बाहेरच्या अंगाला न्यायचा, गाडीच्या चाकाचा आरा जातो तसा. आडवा न्हाई. समजलं?"

"समजलं."

इथं शेजारी डॉक्टर नव्हते. तिनं तुळजाबाईच्या दातांत पदराचा बोळा दिला. "वहिनी, माझ्याकडं बघू नका. लेकराकडं बघा."

"घाबरू नका," डॉक्टर बाहेरून म्हणाले. दोघींपैकी कुणाला, ते काही कळलं नाही.

चाकू लागला आणि पू असा उसळला की भिवराबाईचं लुगडं भरलं. तिनं जखम धुतली, पू झिरपत राहावा म्हणून आत कापडाची वात सोडली, पट्टी बांधली. तुळजाबाईनं बोळा काढून लांब श्वास घेतला आणि बसल्या जागी झोपी गेली. तेव्हा भिवराबाईला रडू आलं. भिंतीकडं तोंड करून ती रडली.

बाहेर आली तर केसरबाई हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन उभी होती. भिवराबाईनं हात पुढं केले.

पट्टी बदलायला भिवराबाई त्या वाड्यात रोज जायची. तुळजाबाई बरी झाली, हिंडूफिरू लागली. ही गोष्ट बायकांच्या तोंडी गावोगाव गेली आणि कुठल्याकुठल्या खेड्यांतून बाया दवाखान्यात यायला लागल्या.

पुढं डॉक्टरांची बदली झाली. निघताना ते म्हणाले, "बाई, दवाखाना तुमच्यामुळं चालला." तिनं वाटेत खायला चार धपाटी बांधून दिली. नंतरच्या डॉक्टरांच्या हाताखालीही तिनं डोळे अधू होईपर्यंत काम केलं.

म्हातारपणी कड्याला भाच्याच्या घरी असताना तिला वाड्यातल्या त्या दिवसापेक्षा दवाखान्यातल्या सकाळी जास्त आठवत. अंगणात लिंबाखाली बायांची दाटी, कुणी लेकराच्या उवा बघतेय, कुणी शिदोरी सोडलीय, सगळ्यांत जखमा धुवायच्या कार्बोलिकचा उग्र वास भरलेला, आणि दारात उभी राहून ती ओरडतेय, "आगं, बोलत काय बसल्यात? या की पुढं!"