सोयऱ्यांसाठी रंग

नव्वदच्या दशकात उरणला माझं गाड्या रंगवायचं गॅरेज होतं. एका दुपारी एक वयस्कर गृहस्थ जुनी विलायती गाडी घेऊन आले. पांढऱ्या रंगाचे पोपडे निघाले होते. बोलताना ते गाडीकडे पाठ करून उभे राहिले.

"पोरीचं लगीन ठरतंय. सोयरे घरी येनार हायत. स्वस्तातला रंग मार."

"काका, गंजावर मारलेला रंग एक पावसाळाही टिकणार नाही."

"लग्नापर्यंत टिकला तरी बस." मग ते हळूच म्हणाले, "जमीन सरकारात गेली, त्या पैशात ही घेतली. आता पैसं संपलं. गावातून जाताना मी काच वर करून जातो."

मी नमुन्याला दारावर रंगाचा एक पट्टा मारला. त्या पट्ट्याशेजारी बाकीची गाडी आणखीच केविलवाणी दिसू लागली. ते बराच वेळ बघत राहिले.

"पोरीला तिथं नांदायचं हाय," ते म्हणाले. "आज मी रंग मारून फसवलं, तर उद्या बोलनी तिला खावी लागतील. पुस तो."

मी थिनरने पट्टा पुसला. एवढ्या वयाच्या माणसाला परक्यासमोर हे बोलावं लागलं, म्हणून माझीच नजर वर होईना.

"मग आता, काका?"

"आता सोयऱ्यांकडंच जातो, पनवेलला. अशीच नेतो आनि सगलं सांगतो."

गाडी सुरू करूनही ते लगेच निघाले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, मान खाली घालून बसले. मग त्यांनी गाडी पनवेलच्या रस्त्याला लावली.