ताईला ओळखू यावा असा आवाज

सकाळी शाळेत निघायच्या घाईत होतो, तेव्हा नागपूरहून आईबाबांकडे अकोल्याला आलेल्या भाचीचा फोन आला. प्रणाली एवढंच म्हणाली, "मामा, बाबा गेले…" अमरावतीहून मिळेल ती बस धरली. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत शेजारी कोण बसलंय तेही मी पाहिलं नव्हतं. माझे भाऊजी, दिनकरराव, अंगणातल्या खुर्चीत चहा पिता पिता गेले. हृदय थांबलं. हे मुद्दाम सांगतो, कारण त्यांची मोटारसायकल सगळ्यांना ठाऊक होती आणि भेटायला येणारा प्रत्येक जण आधी, "गाडीवर होते काय?" असंच विचारत होता. नव्हते. आयुष्यात त्यांनी गाडी कधी जोरात चालवली नाही. तरीही त्या गाडीवाचून त्यांच्याविषयी लिहिता येणार नाही.

भाऊजी पातूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. अकोल्याहून रोज मोटारसायकलनं जाऊन-येऊन करायचे. साहेब बैठकीला बसले की परतायला उशीर, नाहीतर पाचच्या ठोक्याला मोकळे. त्यामुळे येण्याची वेळ ठरलेली नसे. माझी मोठी बहीण कुसुमताई मात्र लग्नापासून एक गोष्ट न चुकता करत आली. भाऊजींची गाडी आली की फाटक तीच उघडणार. घरात पाहुणे असोत, तवा चुलीवर असो, ती उठून जायचीच. पुढे काचबिंदूनं तिची नजर हळूहळू गेली. शिवणकाम सुटलं, निवडणं-टिपणं सुटलं, वाचन सुटलं… फाटक तिनं सोडलं नाही.

पंचाईत अशी, की त्या गल्लीत दर दुसऱ्या घरी तीच कंपनी आणि तीच गाडी. आवाज सगळ्यांचा एकच. गाडी वाजली की ताई उठे, भिंतीला हात लावत फाटकापर्यंत जाई, कडी काढी आणि गाडी पुढे निघून जाई. एका संध्याकाळी अशीच कोणा परक्याच्या गाडीसाठी उठली आणि पायरीवरून पडली. मनगट मोडलं. मी भेटायला गेलो ते तावातावानंच. भाऊजींना म्हटलं, "तिला उठू देऊ नका. फाटकाला कुलूप लावा, तुमच्याकडे एक किल्ली ठेवा आणि मोकळे व्हा." ते म्हणाले, "साळेसाहेब, तिचं सगळंच तर सुटलं. आता फाटकबी घेऊ काय तिच्याजवळून?"

पुढच्या खेपेला गेलो तर हे गृहस्थ अंगणात पोतं अंथरून बसलेले, मांडीवर गाडीचा सायलेन्सर आणि हातात लोखंड कापायची करवत. मी नियमानं चालणारा मास्तर माणूस. विचारलं, "हे काय चाललंय, भाऊजी? दंड होईल."

"आवाज बदलून राहिलो. तिले दुरूनच समजलं पायजे का आपलीच गाडी हाय म्हनून."

"मग हॉर्न वाजवा ना."

"हॉर्न सारेच वाजवते. आन् तो दारात आल्यावर वाजते. मंग थे घाईघाईनं उठते. मोडावरूनच समजलं तर आरामात येईन."

म्हणणं पटण्यासारखं होतं. पण त्यांना त्या कामातलं काही म्हणता काही येत नव्हतं, हेही खरंच. मागचं टोक कापून त्यांनी आतली सगळी जाळी काढून टाकली आणि कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून तोंड पुन्हा बसवून आणलं. गाडी सुरू केली तर कानठळ्या बसल्या. गल्लीतली कुत्री उठून बसली. ताई आतून म्हणाली, "कोनाचं टॅक्टर आलं हो?" भाऊजींचं तोंड उतरलं.

मग पुन्हा कापाकापी. आत बारीक भोकांची नळी घातली, तिच्याभोवती काचेची लोकर गुंडाळली. आता आवाज बसका, घुमदार आला. ताईनं तो ओळखला आणि दोन-चार दिवस घरात सणासारखं वातावरण होतं. पण तो आवाज गल्लीतल्या पोरांनाही आवडला. "काका, काय फायरिंग हाय तुमच्या गाडीचं! आमाले बी करून द्या ना." कौतुक केलं की भाऊजी विरघळत. कशासाठी हा उद्योग मांडला होता तेच विसरून त्यांनी रविवारी अंगणात बसून एकेकाचा सायलेन्सर हौसेनं करून दिला. पंधरवड्यात अख्खी गल्ली त्याच आवाजात घुमू लागली आणि ताई पुन्हा दर गाडीला उठू लागली. ती वैतागून म्हणाली, "सांजच्याले चार-चार नवरे येऊन राहिले माह्या दारात. कोनाकोनाले फाटक उघडू?" आम्ही हसून हसून बेजार झालो. भाऊजी हसले नाहीत. आपण काय करून बसलो ते त्यांना तेव्हा उमगलं.

तिसऱ्यांदा त्यांनी सायलेन्सर उघडला तो निराळ्या विचारानं. म्हणाले, "आता असा आवाज काढतो का तो कोन्याच पोराले आवडला नाई पायजे." आणि खरंच तसा काढला. कंपनीच्या आवाजाहूनही हळू, आणि वेग कमी केला की आत कुणीतरी घसा खाकरतंय असं वाटावं. पोरं नाक मुरडून गेली. ताई पायरीवर बसून राहिली आणि भाऊजी गल्लीला फेऱ्या मारत राहिले. मध्ये दुसऱ्या गाड्याही जात होत्या. ती एकदाही चुकली नाही.

पुढे मी गेलो की बोलता बोलता ताई मध्येच थांबायची. मला काहीच ऐकू आलेलं नसायचं. "आले," म्हणायची आणि सावकाश उठायची. ती कडीपर्यंत पोचायची तेव्हा गाडी फाटकाशी येत असे. सेवानिवृत्तीनंतर खरं तर कुठं जायचं कारण नव्हतं. तरी संध्याकाळी भाऊजी भाजीचं, औषधाचं निमित्त काढून बाहेर पडत. मला वाटतं, परत येता यावं म्हणूनच ते जात असावेत.

भाऊजींना आदरांजली वाहायचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर गाडीचा विषय निघाला. प्रणाली नागपूरला असते, मला गाडी येत नाही, अंगणात ती गंजत पडणार. गिऱ्हाईकही आलं. पण तो मुलगा पलीकडच्याच गल्लीतला, कामावरून रोज संध्याकाळी याच रस्त्यानं परतणारा. मी हळूच ताईला म्हटलं, "याला नको देऊ. दुसरा कोणी पाहू."

ती म्हणाली, "याले काहून नाई? चांगला पोरगा हाय. देऊन टाका. फक्त तो सायलेन्सर काढून घ्या. तो आवाज माह्याच दारात थांबे. आता दारावरून पुढं जायले नको."

मेकॅनिकला बोलावून नवा, कंपनीचा सायलेन्सर बसवून घेतला. ताईनं पायरीवर बसूनच गाडी सुरू करायला सांगितली. मान जराशी तिरपी करून ऐकलं. त्या गल्लीतल्या सगळ्या गाड्या वाजतात तशीच ती वाजत होती. "आता कोनाचीबी हाय," ती म्हणाली. "नेऊ दे त्याले."

मुलगा गाडी घेऊन गेला. जुना सायलेन्सर ताईनं मांडीवर घेतला, पदरानं पुसला आणि आपल्या खाटेखाली ठेवायला लावला. मला त्या वेळी रडू आवरलं नाही. ती मात्र शांत होती. त्यानंतर मी दर रविवारी अकोल्याला जातो. संध्याकाळी गल्लीत गाड्यांची ये-जा सुरू होते आणि आम्ही बोलत बसलेले असतो. ताईनं उठू नये म्हणून एके काळी मीच भांडलो होतो. आता ती कोणत्याच गाडीला उठत नाही.