सिस्टरची राणी अ‍ॅन

मे महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास, केलीव्हिल या आमच्या उपनगरातल्या हॉलमध्ये राणी अ‍ॅन बोलिनचा शिरच्छेद झाला. अकरा मुलं हजर होती. रडलं कोणी नाही.

गोष्ट सांगत होत्या सिस्टर. मूळच्या सांगलीच्या; वेस्टमीडला एका हॉस्पिटलात रुग्णांचं रक्त काढायचं काम करत. शनिवारी आमच्या मराठी वर्गाला शिकवत. "सुई टोचताना गोष्ट सांगायची," त्या म्हणत. "टोचलेलं कळत नाही."

त्या आल्या तेव्हा वर्गात सहा मुलं होती. आठपेक्षा कमी असतील तर हॉल झुंबावाल्यांना देऊ, असं हॉलच्या कमिटीने कळवलं होतं. किल्ली माझ्याकडे असे, म्हणून निरोपही माझ्याकडेच आला. मी तो सिस्टरना सांगितला. त्यांनी त्या शनिवारी बाराखडी बाजूला ठेवली आणि आठव्या हेन्रीच्या दुसऱ्या राणीची गोष्ट सुरू केली.

नियम एकच होता. प्रश्न मराठीत विचारायचा. इंग्रजी आलं की सिस्टर गप्प होत, पिशवीतून एक मँडरिन, म्हणजे छोटं संत्रं, काढत आणि सावकाश सोलू लागत. अ‍ॅनसाठी राजाने पहिली राणी सोडली, पोपशी भांडण घेतलं, तिला राणी केलं, तिला मुलगी झाली, राजाला मुलगा हवा होता, तिच्यावर आरोप झाले. इथे वर्गातल्या आरुषने विचारलं, "बट व्हाय डिडन्ट शी जस्ट लीव्ह?"

मँडरिन निघालं. अर्धी साल उतरली तेव्हा आरुषने वाक्य जुळवलं.

"ती... निघून का नाय गेली?"

"कुठे जाणार? दाराशी सैनिक होते."

पाचव्या शनिवारी मुलं नऊ झाली. त्याच आठवड्यात आरुषने घरी बार्बेक्यूला आलेल्या, बाबांच्या ऑफिसातल्या एका बाईंची ओळख 'आईची सवत' अशी करून दिली. हा शब्द तो वर्गातच शिकला होता. आरुष आणि त्याची बहीण दिया यांचा बाबा समीर पुढच्या शनिवारी कार पार्कमध्ये उभा होता.

"सिस्टर, सवत काय, मुंडकं काय. लहान मुलं आहेत. ससा-कासव सांगा की."

"ससा-कासव दोन मिनिटांत संपतं. पुढच्या शनिवारी कशाला येतील?"

"मग आरुष आणि दिया नाही येणार."

दोघं गेली की सात उरणार होती. सिस्टरनाही ते माहीत होतं.

"चालेल," त्या म्हणाल्या. "उरलेली गोष्ट मात्र घरी तू सांगायची. मराठीत."

पुढच्या शनिवारी आरुष आणि दिया दहा मिनिटं आधी आली. समीर मागच्या खुर्चीत बसला. शिरच्छेदाच्या दिवशीही तो तिथेच होता. तलवारबाज मुद्दाम समुद्रापलीकडून आणला होता, हे ऐकताना त्याने फोन उलटा ठेवला.

"आणि तिची मुलगी?" इराने विचारलं. इरा माझी मुलगी, नऊ वर्षांची.

"ती पुढे राणी झाली. चव्वेचाळीस वर्षं."

"म्हणजे राजा हरला," आरुष म्हणाला.

"हो."

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

जूनमध्ये सिस्टरच्या नवऱ्याची बदली मेलबर्नला झाली आणि त्या तिथल्या क्रेगीबर्नला राहायला गेल्या. जाताना त्यांनी मँडरिनची पिशवी हॉलच्या टेबलावर ठेवली.

त्यानंतरच्या शनिवारी मी नेहमीच्या वेळी हॉल उघडला. बारा मुलं आली. नव्या बाई अजून ठरल्या नव्हत्या. इरा सिस्टरच्या खुर्चीत बसली आणि तिसऱ्या राणीची गोष्ट सांगू लागली. दियाने इंग्रजीत काहीतरी विचारलं. इराने पिशवीतून एक मँडरिन काढलं आणि सोलायला घेतलं.