बॅग खाली ठेवली

"ए, ही धर," म्हणत एका साहेबानं गोल्फच्या काठ्यांची बॅग माझ्या खांद्याला अडकवली. माझ्याकडे धड पाहिलंही नाही. आणि माझा खांदाही मेला इतका सवयीचा, की पट्टा पडताच मी चालायला लागलेसुद्धा.

मग भानावर आले. आज माझी सुट्टी होती. माझ्या खिशात माझं तिकीट होतं.

शिवरे गावाच्या पुढं, हायवेपासून आत हे मैदान आहे. कुठल्या क्लबचं नाही, सगळ्यांसाठी खुलं. पैसे भरा, काठ्या भाड्यानं घ्या, खेळा. कुणी एकटं आलं की काउंटरवाला त्याला दुसऱ्यांच्यात घालून चौघं पुरे करतो. ओळखदेख लागत नाही. आम्ही वेल्ह्याच्या डोंगरातली धनगराची माणसं. मी कित्येक वर्षं तिथं लोकांच्या बॅगा वाहिल्या. बघून बघून वाटायचं, एकदा आपणही चेंडू मारून बघावा. त्या दिवशी काउंटरवाल्यानं मला पुण्याच्या तीन साहेबांमध्ये चौथी म्हणून घातलं.

मी बॅग खाली ठेवली.

"साहेब, आज मी बॅग उचलायला न्हाई आले. तुमच्यासंगं खेळायला आलेय."

ते हसले. चेष्टा नाही हे कळल्यावर हसू गेलं. एकानं थेट मॅनेजरला फोन लावला. मॅनेजर धावत आला, मला झाडाखाली घेऊन गेला. गोड बोलला. बुधवारी ये, मैदान रिकामं असतं, फुकट खेळ, कुणी बघणार नाही म्हणाला. तिथं माझं डोकं फिरलं. कुणी बघणार नाही म्हणजे काय? मी चोरी करायला आले होते? पैसे भरलेत, आजच खेळणार, असं सांगितलं. तेव्हा त्याचा आवाज बदलला.

"उद्यापासून काम पाहिजे ना तुला?"

पाहिजेच होतं. घरात रोख पैसा यायचा तो तेवढाच. तरी मी जाऊन त्या तिघांजवळ उभी राहिले.

माझी पाळी आली. भाड्याची काठी फिरवली, चेंडू जागचा हलला नाही. तिघं खो खो हसले. लाजेनं कान तापले. आणि मग राग आला. यांचे चेंडू मी रोज हुकताना बघते. पाण्यात जातात, झुडपात जातात. अशा वेळी हसायचं नाही, 'बॅड लक सर' म्हणायचं, असं आम्हाला शिकवलंय. म्हणजे हुकायचा मानसुद्धा यांनाच.

"तुमचा हुकला की आमी बॅड लक सर म्हणतो. आता तुमी म्हणा."

कुणी म्हटलं नाही. पण हसणं थांबलं. मी पुन्हा काठी फिरवली. चेंडू थोडासा सरकला. चालेल. मारत मारत त्याच्या मागं चालत गेले, शेवटच्या खड्ड्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी फाटकावरच सांगितलं, तुला काम नाही. आई म्हणाली, "गप ऱ्हायली असतीस तर काम तरी ऱ्हायलं असतं." खरं आहे. राहिलं असतं. आणि मीही तशीच राहिले असते, कुणीही येऊन खांद्याला काहीही अडकवावं अशी.

आता भोंगवलीला कांदे काढायला जाते. मजुरीतून थोडं बाजूला ठेवते. बॅगा उचलायला ते मला परत बोलावणार नाहीत. नकोच. यापुढं त्या फाटकातून आत जाईन ती फक्त खेळायला. आणि जाईन ती गर्दीच्या दिवशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.