पाट मोकळा, सऱ्या कोरड्या

सणसरला आमच्या घरात थोरल्या दिरापुढं, म्हणजे आबांपुढं, सुनेनं तोंड उघडायची रीत नव्हती. ते ओसरीवर आले की आम्ही जावा आत. हसाल तुम्ही, पण ही नव्वदीनंतरचीच गोष्ट, फार जुनी नाही.

मालकांना हृदयाचा झटका आला, तेव्हा बारामतीहून त्यांना पुण्याला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी मांडीतून नळी घालून बंद पडलेली मोठी शीर उघडली. मग दिरांना आणि त्यांच्या मागं मला शिरांचं चित्र दिसणाऱ्या पडद्यापुढं उभं केलं. डॉक्टर शेतकऱ्याच्या घरचे असावेत. म्हणाले, "पाट मोकळा केलाय. हा रंग सोडला, तो इथवर नीट धावत येतोय. पण पुढं सऱ्यांत पाणी उतरतंय का बघा." रंग तिथंच थबकला होता. "बारीक शिरा मेल्यात. एवढा भाग कोरडाच राहणार. हृदय हळूहळू फुगत जाईल. जड काम केलं तर वर्ष निघायचं नाही."

दीर "व्हय, व्हय" करत होते. घरी येऊन ओसरीवर बसले आणि म्हणाले, "पाट मोकळा झालाय. आता कसली भीती?" उसाला पाणी द्यायला माणूस हवं होतं म्हणून, की अर्धंच कानात शिरलं म्हणून, देव जाणे. मी दाराआड होते. चहा ठेवायला आत वळले.

दोन महिन्यांत मालक खोरं घेऊन उसात. पाच सऱ्या भिजवल्या की बांधावर बसायचे, ओठ काळेनिळे. पायाला सूज आली, तर सासूबाई म्हणाल्या, "बसून खाल्ल्याची सूज हाय ती." थोरली जाऊ म्हणायची, "भावजींना पुण्याची हवा लागली जणू!" दीर लांबून ओरडायचे, "ऊठ की रं, बाळंतीण हायस का तू?" सगळी हसायची. एकदा मीही हसले. तेही लिहिते.

एका सकाळी मालक चुलीपाशी आले. "तू हुतीस की तितं. डॉक्टर आनखी काय म्हणला?"

ओसरीवर दीर चहा पीत होते. मी म्हटलं, "आबा सांगत्यात तेच."

"म्हंजी मीच आळशी झालोय," म्हणाले आणि खोरं उचललं.

त्या दिवशी काही झालं नाही. अजून चार महिने त्यांनी उसाला पाणी दिलं, मग अंथरूण धरलं. आडवं झालं की जीव गुदमरायचा. भिंतीला टेकून बसल्या बसल्याच गेले.

दहाव्याला दीर पाव्हण्यांत रडत म्हणाले, "डॉक्टरनं आदी सांगितलं असतं, तर भावाला उसात पाऊल टाकू दिलं नसतं."

तेव्हा माझं तोंड उघडलं. भर माणसांत. "सांगितलं हुतं, आबा. जड काम नको म्हणला हुता."

दीर रडायचे थांबले. माझ्याकडं बघत म्हणाले, "आन् हे तू आज बोलतीस?"

नवऱ्याला खाल्लं म्हणून गावात माझंच नाव झालं, त्यांचं नाही. भांडले असते हो मी. पण चुलीपाशी येऊन मालकांनी विचारलं होतं ते मला, आबांना नाही.